लिनोकटमध्ये वीज केंद्र : धूर काळा की पांढरा?

कोळशाची वखार

मंडळी, राम राम.

विदर्भातल्या एका औष्णिक वीज केंद्राच्या वसाहतीत माझं बालपण गेलं. गेल्या वर्षापासून लिनोकटचा (लिनोलियमचा तुकडा कोरून त्यावरून चित्र छापायचं) नाद लागलाय. कुठे शिकलेलो नाही, व्हिडिओ बघून आणि बोटं कापून घेऊन जे येतं तेवढंच. जास्वंद झाली, मांजर झालं, मामाचा वाडा झाला. आता डोक्यात वीज केंद्र बसलंय. दोन कुलिंग टॉवर, उंच चिमणी, कोळशाचा तिरपा कन्व्हेयर, पुढे राखेचा बंधारा.

घोडं अडलंय ते करड्या रंगावर. लिनोत शाई लागली की काळं, कोरलं की पांढरं, मधलं काहीच नाही. आभाळ पांढरं ठेवलं तर धूर काळा करावा लागतो. आभाळ काळं ठेवून धूर कोरला तर सगळ्याची रात्र होते, आणि धुराची कड कितीही जपून कोरली तरी टॉवरवर मेंढी बसल्यासारखी दिसते. तुम्ही काय केलं असतं?

दुसरं, कारखाने, गिरण्या, गोद्या असल्या जागा फक्त काळ्या-पांढऱ्या छापात कुणी केल्यात का? बघायला आवडेल. रंगीत नकोत.

तिसरा प्रश्न बायकोचा आहे. "हे भिंतीवर लावणार कोण?"

टवाळ

पहिला! मेंढीचा फोटो टाकल्याशिवाय प्रतिसाद मिळणार नाही.

मॅट्रिक नापास

रुमाल टाकून ठेवतो. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

बॉयलरवाला

सगळी नोकरी औष्णिक केंद्रात गेली, तेव्हा चित्रातलं कळत नसलं तरी थोडं बोलतो.

कुलिंग टॉवरमधून धूर निघत नाही हो. कंडेन्सरमधून तापून आलेलं पाणी टॉवरच्या आत शिंपडतात. खालून हवा आपसूक वर ओढली जाते, पाणी गार होऊन खाली हौदात पडतं आणि त्यातलं थोडं वाफ होऊन वर निघून जातं. बाहेर दिसतो तो ढग नुसत्या पाण्याच्या थेंबांचा. मे महिन्यात दुपारी आपल्याकडे तो जवळपास दिसतही नाही. डिसेंबरात सकाळी सहाला बघा, सूर्य झाकतो.

कोळशाचा धूर जातो उंच चिमणीतून. मोठ्या केंद्रांच्या चिमण्या २७५ मीटरपर्यंत असतात. वाटेत ईएसपी लागतो. त्यात विजेच्या जोरावर राख प्लेटांना चिकटते, मग प्लेटा ठोकून ती खाली हॉपरमध्ये पाडतात. ईएसपी धड चालत असेल तर चिमणीच्या तोंडाशी पुसटसं काहीतरी दिसतं, बस. वर्तमानपत्रात प्रदूषणाच्या बातमीला कुलिंग टॉवरचा फोटो लावतात तेव्हा आमच्यातला प्रत्येक जण एकदा कपाळावर हात मारून घेतो.

तेव्हा तुमच्या चित्रात बुटक्या जाड्या टॉवरवर मोठा पांढरा ढग आणि उंच चिमणी जवळजवळ कोरी, असं पाहिजे. काळा धूर काढलात तर आमच्या ईएसपीवाल्यांना मेमो जाईल.

कोळशाची वखार

काका, हे फार कामाचं. म्हणजे ढग पांढराच ठरला. पण मग मागचं आभाळ काळं करावंच लागणार ना? सकाळ कशी दाखवू?

शाईचे डाग

काळं आभाळ म्हणजे रात्र, हे आधी डोक्यातून काढा. ते फोटोचं गणित झालं. लिनोत काळी म्हणजे तुम्ही हात न लावलेली जागा. बघणाऱ्याला रात्र वाटते ती आभाळाच्या काळेपणाने नाही, खालच्या वस्तूंवर उजेड कुठून पडलाय त्याने. टॉवरच्या एकाच बाजूला उजेड द्या, कन्व्हेयरच्या छपराची वरची कड स्वच्छ कोरा, जमिनीवर सावल्या एकाच दिशेला लांब पाडा. आभाळ काळं असलं तरी सकाळच वाटेल.

करड्यासाठी रेघा. आभाळात आडव्या रेघा कोरायच्या. क्षितिजाजवळ रुंद आणि दाट, वर जाताना बारीक आणि विरळ. लांबून डोळाच त्यांचा करडा करून घेतो. यासाठी सगळ्यात बारीक व्ही-गाउज (व्ही आकाराच्या टोकाचं कोरणं) वापरा आणि हात स्थिर ठेवून लिनो सरकवा. रेघ वळवायची असेल तर लिनो फिरवा, मनगट नाही. लिनो थंड असेल तर कडेने तुटतो, आधी दहा मिनिटं उन्हात ठेवा. जवसाचं तेल, बुचाचा नाहीतर लाकडाचा भुसा आणि मागे तागाचं कापड, एवढाच तर जीव असतो त्याचा. ऊब मिळाली की लोण्यासारखा कापला जातो.

मेंढीचं कारण सांगते. तुम्ही ढगाला बाहेरून रेघ दिलीत. ढगाला कड नसते. ढगाच्या बाजूने आत-बाहेर तुटक, आखूड फटके मारा, काही काळ्यात घुसलेले, काही पांढऱ्यातच संपलेले. कड आपोआप फाटते.

आता बघायचं काय. चित्रकार एडवर्ड वॉड्सवर्थपासून सुरुवात करा. यॉर्कशरमधल्या क्लेखीटनचा, १८८९ चा जन्म, वडिलांची लोकरीच्या सुताची गिरणी. म्हणजे गिरणीची छपरं, चिमण्या हे त्याला शोधायला जावं लागलं नाही. पहिल्या महायुद्धाच्या आसपास त्याने ब्रॅडफर्ड, न्यूकॅसलसारख्या गावांचे छोटे छोटे वूडकट (लाकूड कोरून काढलेले छाप) केले. घरं, छपरं, चिमण्या सगळ्यांचे काळे-पांढरे तुकडे झालेत. करडं औषधालाही नाही. पहिल्या नजरेला नुसते आकार दिसतात, मग एकदम गाव दिसायला लागतं.

पुढची गंमत. १९१७ साली ब्रिटिशांनी जहाजांवर उभे-आडवे काळे-पांढरे पट्टे रंगवायला सुरुवात केली, नॉर्मन विल्किन्सन नावाच्या चित्रकाराची कल्पना. जहाज लपवणं हा उद्देशच नव्हता. पाणबुडीच्या दुर्बिणीतून बघणाऱ्याला जहाज कुठल्या दिशेला आणि किती वेगाने चाललंय याचा अंदाज चुकावा, एवढ्यासाठी तो खटाटोप. हे रंगकाम करून घ्यायला बंदरावर वॉड्सवर्थ होता. १९१८ मध्ये त्याने त्याच जहाजांचे वूडकट केले. सुक्या गोदीत पट्टेदार जहाज, भोवती शिड्या, दोऱ्या, रंग खरवडणारी माणसं. विषयच काळा-पांढरा आणि माध्यमही. एकदा बघाच.

टवाळ

म्हणजे त्याला करड्याची अडचण आलीच नाही. आधी जहाज रंगवलं, मग चित्र काढलं. वखारवाले, तुम्हीही वीज केंद्रात जाऊन टॉवरला पट्टे मारून या.

मॅट्रिक नापास

शाईताई, वाचनखूण साठवली. रुमाल उचलतो.

भूमितीमास्तर

कुलिंग टॉवरच्या आकाराबद्दल कुणी बोलेना म्हणून मी.

टॉवरचा तो कमरेत बारीक आकार म्हणजे हायपरबोलॉइड. हॉलंडमध्ये हेर्लेनच्या एमा खाणीवर व्हान इटर्सन आणि कुयपर्स यांनी १९१८ मध्ये असा पहिला टॉवर उभारला. या पृष्ठभागाचा गुण असा की दिसायला वळणदार, पण तो पूर्ण सरळ रेघांनी बनवता येतो. पृष्ठभागावरच्या प्रत्येक बिंदूतून दोन सरळ रेघा जातात, एक डावीकडे कललेली, एक उजवीकडे.

लिनोवाल्यांना याचा फायदा. टॉवरची कड वळणदार कोरत बसू नका. वरचं आणि खालचं वर्तुळ (कागदावर लंबवर्तुळ) पेन्सिलीने काढा, दोन्हींचे सारखे भाग पाडा, वरचा प्रत्येक बिंदू खालच्या काही घरं सरकलेल्या बिंदूला पट्टीने जोडा. मग उलट दिशेने तेच. या सरळ रेघा कोरल्या की कमरेचं वळण आपोआप तयार होतं, कुठेही वळणदार रेघ न काढता. उजेडाच्या बाजूला दोन्ही दिशांच्या रेघा ठेवा, सावलीत एकाच दिशेच्या. करडाही मिळाला.

शाईचे डाग

मास्तर, इतकी वर्षं कोरतेय, पण हे सुचलं नव्हतं. उद्याच करून बघते. आणि टॉवरच्या तळाला खरंच तसेच तिरके खांब असतात ना, एकमेकांत गुंतलेले?

बॉयलरवाला

हो, त्यांच्यामधूनच हवा आत जाते. खांब गाळून टॉवर थेट जमिनीवर टेकवलात तर तो चालणारच नाही.

अण्णा कोथरूडकर

चर्चा छान आहे, पण मूळ शंका राहतेच. हे सगळं कॅमेऱ्याने जास्त चांगलं होत नाही का? काळा-पांढरा फोटो काढा, करडा फुकट मिळतो. लिनो कोरून बोटं कापून घेण्यात काय हशील?

एसेनवासी

अण्णा, मी जर्मनीत एसेनला राहतो, तेव्हा माझ्या अंगणातला विषय आहे. बर्न्ड आणि हिला बेखर या जोडप्याने १९५९ पासून जन्मभर फोटोच काढले, पाण्याच्या टाक्या, भट्ट्या, कुलिंग टॉवर, खाणीवरचे सांगाडे. सगळे काळे-पांढरे, सगळे समोरून, आणि मुद्दाम ढगाळ हवेत, म्हणजे सावली पडू नये. मग एकाच जातीच्या वस्तूंचे फोटो ओळीने मांडायचे. ते बघितल्यावर "फोटो कशाला" असं कुणी म्हणणार नाही.

पण त्यांनी जे मुद्दाम टाळलं तेच लिनोत करावं लागतं. त्यांना सावली नको होती, लिनोला सावलीशिवाय उभंच राहता येत नाही. कॅमेऱ्यापुढे सगळे करडे तयार मिळतात. लिनोवर मात्र प्रत्येक जागेला विचारावं लागतं, तू काळी की पांढरी? आमच्याकडच्या त्सोल्फेराइन खाणीवर उभं राहिलं की हे कळतं. १९३२ चा शाफ्ट १२, लोखंडी चौकटी आणि विटा, सगळं काटकोनात. खाण १९८६ ला बंद पडली, २००१ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. आता तिथे संग्रहालय आहे, हिवाळ्यात कोक ओव्हनच्या बाजूला बर्फावर घसरायला पोरं येतात. फोटो तर दर सेकंदाला कुणीतरी काढत असतं. लक्षात मात्र कुठला राहत नाही.

अण्णा कोथरूडकर

"तू काळी की पांढरी" हे आवडलं. लग्नाच्या जाहिरातींसारखं आहे, पण आवडलं.

लालबागची

आत्तापर्यंतचे प्रतिसाद वाचले. टॉवर आला, चिमणी आली, जहाज आलं, छपरं आली. माणसं कुठे आहेत?

माझे बाबा गिरणीत साचेखात्यात (मागांवर) होते. लहानपणी आमच्या खोलीतून गिरणीचं छप्पर दिसायचं, करवतीच्या दात्यांसारखं. काचा उत्तरेकडे, म्हणजे ऊन थेट साच्यावर पडत नाही आणि दिवसभर सारखा उजेड राहतो. कुणालाही चित्र काढावंसं वाटेल असंच ते आहे, नाकारत नाही. पण त्या छपराखाली आवाज एवढा असायचा की साचेवाले ओठांवरून बोलणं वाचायचे. बाबा घरीही मोठ्यानेच बोलायचे. कापसाचे तंतू केसांत, कानात. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर आली आणि बहुतेक परत आत गेलीच नाहीत. गिरण्यांच्या जागी टॉवर आले आणि त्यांच्यामध्ये एखादी चिमणी शोभेला ठेवली. ती चिमणी आता घराच्या जाहिरातीत असते. मला भीती वाटते ती याची. माणसं काढून टाकली की उरतं ते सुंदरच दिसतं.

जर्मन चित्रकार कॅटे कोलविट्झ बघा. १८४४ च्या सायलेशियातल्या विणकरांच्या उठावावर तिने १८९३ ते १८९७ मध्ये सहा छापचित्रं केली, तीन लिथो (दगडावरून छापलेली) आणि तीन एचिंग (पत्र्यावर आम्लाने कोरून छापलेली). पहिल्यात खोली आहे. पुढे आजारी मूल, डोकं धरून बसलेली आई, आणि मागे अंधारात माग. माग घरातच आहे आणि त्याने खोली अडवून टाकली आहे. एकही चिमणी न दाखवता सगळा कापडधंदा त्यात आलाय.

आणि आपल्या इथेच अंधेरीत चित्रकार चित्तोप्रसाद वर्षानुवर्षं राहिले. १९४३ चा बंगालचा दुष्काळ काढणारे तेच. कामगार, बालमजूर, मोर्चे, सगळं लिनोत. लिनो का, तर स्वस्त, घरच्या घरी छापता येतो आणि हव्या तेवढ्या प्रती काढून लोकांत वाटता येतात. वखारवाल्यांच्या चित्रात निदान एक माणूस तरी असावा, एवढंच म्हणणं.

मॅट्रिक नापास

+१

नाक्यावरचा

+१. बाबाही गिरणीतच होते, कांडीखात्यात. तो ओठ वाचण्याचा मुद्दा शंभर टक्के खरा.

शाईचे डाग

लालबागची, तुमच्या प्रतिसादाला उत्तर देताना जरा जपूनच बोलते, पण पूर्ण सहमत नाही.

माणूस मोठा काढला म्हणजे श्रम दिसले असं होत नाही. म्यूरहेड बोन नावाचा स्कॉटिश चित्रकार होता. डिसेंबर १९०५ मध्ये लंडनच्या चेअरिंग क्रॉस स्टेशनचं छप्पर कोसळलं, सहा माणसं गेली. पुढे दुरुस्तीसाठी आत अवाढव्य लाकडी परांची उभी केली. १९०६ मध्ये बोनने त्या परांचीचं ड्रायपॉइंट केलं. तांब्याच्या पत्र्यावर सुईने थेट ओरखडायचं, ओरखड्याच्या कडेला तांब्याची बारीक भर उठते, तिच्यात शाई अडकते आणि छापात मखमली काळा येतो. (ही भर दाबाखाली लवकर झिजते, म्हणून ड्रायपॉइंटच्या चांगल्या प्रती थोड्याच निघतात.) त्या चित्रात माणसं अगदी बारीक आहेत. पण हजारो तुळया, प्रत्येक जोड, प्रत्येक दोर. ते बघताना हे सगळं कुणीतरी हातांनी बांधलंय याखेरीज दुसरं काही सुचत नाही.

१९१७ ला ब्रिटिश सरकारने युद्धप्रयत्नांवर ६६ लिथोंचा संच काढला, त्यात बोनने जहाजबांधणी केली आणि जॉर्ज क्लॉझेनने तोफा ओतण्याचा कारखाना. क्लॉझेनच्या चित्रांत भट्टीच्या उजेडापुढे माणसं नुसत्या काळ्या आकृत्या आहेत. चेहरे नाहीत, पण पाठीच्या वाकण्यावरून वजन कळतं. सरकारी प्रचाराची चित्रं होती ती, हेही खरं.

लालबागची

शाई, प्रचाराचं तुम्हीच बोललात म्हणून बरं. तोफा ओतणाऱ्याची पाठ सुंदर दिसावी हे कुणाला हवं होतं, ते सांगायला नको. बोनचं चित्र आत्ता शोधून बघितलं. त्याबद्दल तुमचं म्हणणं मान्य. पण तिथे परांची आहे, म्हणजे काम चालू आहे. टॉवर आणि ढग यांत काम दिसत नाही, ही अडचण राहतेच.

राखेकाठी

लालबागच्या ताईंनी वाट काढून दिली म्हणून लिहितो, नाहीतर या धाग्यावर यायचं मनात नव्हतं.

आमचं गाव एका औष्णिक केंद्राच्या राखेच्या बंधाऱ्याला लागून आहे. वारा सुटला की राख अंगणात, पापडांवर, कापसाच्या बोंडांवर. वरती पाच-सहा जण ढग कसा सुंदर कोरावा यावर बोलतायत. चांगलं आहे, कोरा. पण मूळ धाग्यात "पुढे राखेचा बंधारा" असं एका ओळीत येऊन गेलंय, त्याचं पुढे कुणी नावच काढलं नाही.

मी चित्रकार नाही, बंधारा रोज बघतो म्हणून सांगतो. राख आणि पाणी मिसळून पाइपातून येतं, पाणी निथळतं, राख बसते. वाळली की मैलभर नुसतं सपाट, पांढरट. झाड नाही, दगड नाही, ढोराचं पाऊलसुद्धा टिकत नाही. तुम्ही लोक म्हणता ना लिनोत कोरलं की पांढरं, तर तेवढा सगळा पट्टा कोरून काढा. एक रेघ ठेवू नका. बाकी चित्र कितीही भरगच्च करा.

कोळशाची वखार

राखेकाठी, हा धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रतिसाद आहे. मी बंधाऱ्यावर पाण्याच्या लाटा काढल्या होत्या, तळं समजून. आत्ता पुसल्या.

लालबागची, माणूस कुठे येतो याचा विचार करतोय. वसाहतीतून दिसायचा तो कन्व्हेयरच्या बाजूच्या जाळीच्या वाटेवरून चालणारा, हातात फावडं. सांडलेला कोळसा परत पट्ट्यावर टाकायचं काम. बहुतेक कंत्राटी माणसं असायची.

बॉयलरवाला

तेच. आणि फावड्याबरोबर तोंडाला गमछा हवा.

भिलाईकर

उशिरा आलो. आमच्या तीन पिढ्या छत्तीसगडात, पण घरात मराठी. पोलाद कारखान्याच्या गावात दिवसापेक्षा रात्र महत्त्वाची. कोक ओव्हनमधून तापलेला कोक बाहेर ढकलतात तेव्हा लाल उजेड, मग त्यावर पाणी मारतात आणि वाफेचा लोट उठतो. लिनोत रात्रीचा तो उजेड होईल का? का दुसरं काही माध्यम?

शाईचे डाग

भिलाईकर, त्यासाठी मेझोटिंट. तांब्याचा अख्खा पत्रा दातेरी अवजाराने सगळ्या दिशांनी खरबरीत करायचा. असाच छापला तर काळाकुट्ट येतो. मग घासणीने आणि ओपणीने जिथे उजेड हवा तिथे गुळगुळीत करत जायचं, जितकं गुळगुळीत तितकं पांढरं. म्हणजे अंधारातून उजेड बाहेर काढायचा. डर्बीच्या जोसेफ राइटने लोहाराच्या भट्टीचं रंगचित्र केलं होतं, १७७३ मध्ये रिचर्ड अर्लमने त्याचा मेझोटिंट काढला. तापलेलं लोखंड हा खोलीतला एकच दिवा आहे आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर त्याचाच उजेड. अडीचशे वर्षं झाली, पण काळ्या शाईत तापलेलं लोखंड याहून चांगलं मी तरी पाहिलेलं नाही. मेहनत मात्र जीवघेणी, नुसता पत्रा तयार करण्यात हात मोडतात.

गुळगुळीत लोखंडी पिंपं, तेलाच्या टाक्या यांसाठी लिथो. दगडावर तेलकट खडूने काढतात, त्यामुळे हवा तो करडा मिळतो. लुई लोझोविक याचा १९२९ चा टाक्यांचा लिथो शोधा, गोल पत्र्यावर सावली किती हळू सरकते ते दिसेल. लिथोचा दगड आपल्याला नवा नाही. रवि वर्म्यांचा छापखाना १८९४ ला मुंबईत निघाला, नंतर मळवलीला गेला. घरोघरच्या लक्ष्मी-सरस्वती दगडावरूनच तर उतरल्या.

नाक्यावरचा

एक बाळबोध शंका. छाप उलटा येतो ना? मग गिरणीच्या फाटकावरचं नाव, चिमणीची बाजू, सगळं उलटंच?

एसेनवासी

उलटंच. अमेरिकेचा जोसेफ पेनल तांब्याचा पत्रा घेऊन थेट कारखान्यापुढे उभा राहायचा आणि दिसेल तसं पत्र्यावर काढायचा. छापात गाव उजवं-डावं व्हायचं, त्याची तो फिकीर करत नसे. १९१२ ला पनामा कालव्याचं काम बघायला गेला तेव्हा मात्र लिथो केले. त्यात खास कागदावर काढून ते दगडावर उतरवता येतं. म्हणजे दोनदा उलटं होऊन सुलटं. कालव्याच्या गाटून इथल्या दारांपुढे क्रेन आणि काँक्रीटच्या भिंती एवढ्या प्रचंड आहेत की माणसं मुंग्या झालीत. लालबागचीला आवडणार नाही.

लालबागची

बघते आणि सांगते. आवडणार नाही हे आधीच ठरवू नका.

शाईचे डाग

नाक्यावरचे, लिनोसाठी ट्रेसिंग पेपर. चित्र त्यावर घ्या, कागद पालथा करा, खाली कार्बन ठेवून लिनोवर उतरवा. फुकटात सुलटं. काहींना उलटं चालतं. पण ज्या गावाचं चित्र आहे तिथला माणूस दारातूनच म्हणतो, "चिमणी तिकडे नाहीये."

कोळशाची वखार

पहिला प्रूफ निघाला, खाली फोटो जोडलाय. चमच्याच्या पाठीने घासून छापलाय, त्यामुळे उजव्या कोपऱ्यात शाई नीट उतरली नाही.

टॉवर मास्तरांच्या रेघांनी. कमरेचं वळण खरंच न काढता आलं, बायकोला दाखवायला दोनदा पट्टी ठेवून सिद्ध करावं लागलं. ढगाला कड दिली नाही. आभाळात आडव्या रेघा. चिमणी कोरी. राखेचा पट्टा पूर्ण कोरलाय, पण तळात गाउजच्या काही उंच राहिलेल्या कडांना शाई लागली आणि मधे मधे काळे ओरखडे आलेत. ते पुन्हा कोरून काढू का राहू दे?

कन्व्हेयरच्या वाटेवर माणूस आहे. करंगळीच्या नखाएवढा. फावडं आहे, गमछा मात्र एवढ्याशा जागेत जमला नाही.

राखेकाठी

ओरखडे राहू द्या. वारा सुटल्यावर राखेवर अशाच रेघा उठतात.

शाईचे डाग

नका काढू. लिनोकटमध्ये त्या कडांना कुणी दोष मानत नाही, आणि राखेकाठी म्हणतात ते तर पटलंच. ढग छान. आभाळाच्या वरच्या रेघा अजून विरळ करा, आत्ता ढग आणि आभाळ एकाच वजनाचे झालेत.

लालबागची

माणूस सापडायला वेळ लागला. त्याच्या मागची जागा जरा मोकळी करा, तो कन्व्हेयरच्या काळ्यात बुडतोय. एवढं केलंत तर मोठा करायची गरज नाही.

बॉयलरवाला

तांत्रिकदृष्ट्या पास. खांब दिसतात. प्रती काढाल तेव्हा एक माझी, पेन्सिलीने नंबर घालून. आमच्या बंद पडलेल्या युनिटच्या ग्रुपवर फोटो टाकला तर अजून चार-पाच जण मागतील. किंमत सांगा, फुकट घेणार नाही. भिंतीचा प्रश्न वहिनींना एवढं सांगून मिटवा.

टवाळ

मेंढी गेली याचं दुःख आहे. बाकी उत्तम.

कोळशाची वखार

काका, नक्की. लालबागची, कन्व्हेयरचा तेवढा तुकडा आज रात्री कोरतो.

आता वेगळंच संकट. शाई तेलाची आहे आणि रोलर पुसायला रॉकेल कुठेच मिळेना. टर्पेंटाइनने घरात सगळ्यांचं डोकं धरलं. तुम्ही लोक काय वापरता?

शाईचे डाग

साधं खाण्याचं तेल. रोलरवर थोडं टाका, जुन्या कागदावर फिरवा, कापडाने पुसा, मग भांड्याचा साबण आणि पाणी. लिनोला मात्र पाणी जास्त लावू नका, मागचं तागाचं कापड फुगतं. आणि रोलर टेबलावर टेकवून ठेवू नका, टांगून ठेवा, नाहीतर एका बाजूने चपटा होतो.

नाक्यावरचा

शेंगदाण्याचं चालेल का? घरी तेच आहे.

शाईचे डाग

चालेल. पण आधी घरी विचारा.